इंटरनेट व्हॉइस कॉलमध्ये गुप्त संदेश लपवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉल आधीच एन्क्रिप्टेड असतो. मग त्यात आणखी काही लपवायचं कशासाठी?

बहुतेकांना लपवायची गरजच नसते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. एन्क्रिप्शनमुळे मजकूर वाचता येत नाही, पण काहीतरी पाठवलं गेलं हे दिसतंच. स्टेगनोग्राफीचा (संदेश दुसऱ्या कशात तरी लपवण्याचा) हेतू वेगळा आहे. संदेश गेला, याचाच कुणाला पत्ता लागू नये. गुस्ताव्हस सिमन्स यांनी १९८३ साली हा प्रश्न दोन कैद्यांच्या रूपात मांडला. दोघांना पळून जाण्याचा बेत ठरवायचा आहे, पण प्रत्येक चिठ्ठी तुरुंगाधिकाऱ्याच्या हातून जाते आणि त्याला शंका आली की पत्रव्यवहार बंद होतो.

म्हणून पद्धत निवडण्याआधी आपला तुरुंगाधिकारी कोण, ते ठरवा. तो फक्त नेटवर्कवरची पॅकेट (कॉल ज्या लहान तुकड्यांनी जातो ते) पाहणारा असेल (वाय-फायचा मालक, इंटरनेट पुरवणारी कंपनी) आणि कॉल टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड असेल, तर आवाजात बिट लपवून काही साधत नाही. जे सांगायचं ते सरळ बोला, त्याला तेही ऐकू येत नाही. तो मधला सर्व्हर किंवा ऑफिसचं कॉल रेकॉर्डर असेल, म्हणजे उलगडलेला आवाज त्याच्या हाती पडत असेल, तर पुढचं सगळं लागू होतं. आणि तो तुमच्या फोनमध्येच शिरलेला असेल, तर कुठलीच पद्धत उपयोगाची नाही.

लपवायला जागा कुठे कुठे असते?

तीन ठिकाणी: पॅकेटच्या हेडरमध्ये (पत्ता, क्रमांक वगैरेंचा पुढचा भाग), आवाजाच्या बिटांमध्ये (पेलोड) आणि पॅकेट सुटण्याच्या वेळेत. वेळेची पद्धत संशोधनलेखांत छान दिसते. खऱ्या इंटरनेटवर जिटर (पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) इतका असतो की पाच-दहा मिलिसेकंदांचे फरक वाटेतच पुसले जातात, त्यामुळे तिचा विचार इथे करत नाही.

एका कॉलमध्ये किती मजकूर मावतो?

जी.७११ हा जुना कोडेक (आवाजाचे बिट करणारी आणि ते पुन्हा उलगडणारी पद्धत) धरू. सेकंदाला ८,००० सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं), प्रत्येक ८ बिटांचं, म्हणजे ६४ किलोबिट. साधारणपणे २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट असतं: १६० बाइट आवाज, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या पॅकेट वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलांचं मिळून ४० बाइटचं हेडर. सेकंदाला अशी ५० पॅकेट जातात.

प्रत्येक सॅम्पलचा शेवटचा बिट वापरला, तर कागदावर सेकंदाला ८,००० बिट मिळतात. हा आकडा विसरून जा. एवढं भरलं की साध्या संख्याशास्त्रीय चाचणीतही पकडलं जातं. खरा हिशेब असा: बोलण्याच्याच पॅकेटमध्ये भरायचं, आणि दोघांच्या संभाषणात एक माणूस साधारण ४० टक्के वेळच बोलतो. बिट कमी बदलावेत म्हणून खाली सांगितलेलं हॅमिंग कोडिंग वापरलं, तर पॅकेटमागे ४० बिट मिळतात. म्हणजे ५० × ४० × ०.४ = ८०० बिट. त्यातली निम्मी जागा चुका दुरुस्त करणाऱ्या बिटांना द्या. उरले सेकंदाला ४०० बिट, आणि तेही चांगल्या दिवशी.

मराठी मजकुराला जास्त जागा लागते का?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘नमस्कार’ म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट, १६८ बिट. गंमत अशी की सगळे शेवटचे बिट वापरले तरी हा एक शब्द १६० सॅम्पलच्या एका पॅकेटमध्ये मावत नाही.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ गटाला १२८ जागा आहेत. एका बाइटच्या ०–१२७ या किमती आस्कीला आणि १२८–२५५ देवनागरीला द्या. ‘नमस्कार’ ७ बाइटवर येतो. एकच काळजी घ्या: काही कीबोर्ड ‘ऱ्य’मधला अर्धा र लिहिताना शून्य-रुंदी जोडचिन्ह वापरतात आणि ते या गटाबाहेरचं आहे. त्याला आस्कीतलं एखादं न वापरलेलं नियंत्रणचिन्ह नेमून द्या, नाहीतर पलीकडे ‘र्‍या’चा ‘र्या’ होतो.

२०० चिन्हांचा मजकूर २०० बाइट झाला. त्यावर एन्क्रिप्शनचे २८ बाइट (चाचा२०-पॉली१३०५ वापरल्यास १२ बाइटचा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, आणि १६ बाइटचा टॅग, म्हणजे छेडछाड ओळखणारी खूण). एकूण १,८२४ बिट. सेकंदाला ४०० या वेगाने पाच सेकंदांपेक्षा कमी. तरीही घाई करू नये. बोलण्याच्या दर दहा पॅकेटांपैकी एकातच भरलं तर पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढं बोलणं कुठल्याही कॉलमध्ये होतंच.

हेडरमध्ये लपवणं जास्त सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच वाईट. आरटीपीचं हेडर १२ बाइटचं, आणि त्यातले बहुतेक रकाने कसे भरायचे ते ठरलेलं असतं. सीक्वेन्स क्रमांक एकाने वाढतो, टाइमस्टँप जी.७११ मध्ये दर पॅकेटला १६० ने. त्यात हात घातला की वायरशार्क (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसलेल्या शिकाऊ माणसालाही दिसतं. पॅडिंगचा (नुसती जागा भरायला जोडलेल्या बाइटांचा) बिट व्हॉइस कॉलमध्ये सहसा लावलेला नसतो, त्यामुळे तो लागला की तिथेच लक्ष जातं.

खरी मोकळी जागा सुरुवातीला एकदाच मिळते. पहिला सीक्वेन्स क्रमांक (१६ बिट), पहिला टाइमस्टँप (३२ बिट) आणि एसएसआरसी म्हणजे प्रवाहाचा ओळखक्रमांक (३२ बिट) ही तिन्ही यादृच्छिक असावीत असं मानकच सांगतं. मिळून ८० बिट, प्रत्येक प्रवाहामागे एकदा. ‘ठरलेली योजना क्रमांक तीन’ एवढं सांगायला ते पुरतात. पण मध्ये सेशन बॉर्डर कंट्रोलर (नेटवर्कच्या सीमेवर कॉल तपासून पुढे सोडणारं यंत्र) असेल, तर हे तिन्ही रकाने तिथे नव्याने लिहिले जातात.

आवाजाच्या बिटांत लपवायची पद्धत पायऱ्यांनी सांगाल?

जी.७११ चा ए-लॉ हा प्रकार, स्वतःचे दोन संगणक आणि स्वतःचंच नेटवर्क, असं धरून:

१. दोन्ही टोकांना फक्त ए-लॉ ठेवा, बाकी कोडेक बंद. सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय) बंद. मध्ये ॲस्टरिस्क (कॉल जोडून देणारं सर्व्हर-सॉफ्टवेअर) असेल तर दोन्ही बाजूंना एकच कोडेक ठेवा, रेकॉर्डिंग आणि कॉन्फरन्स बंद. नाहीतर तो आवाज उलगडून पुन्हा बांधतो.

२. संदेश आधी एक-बाइट संकेतात आणा, मग एन्क्रिप्ट करा. क्रम उलटा करू नका. एन्क्रिप्ट झालेले बिट यादृच्छिक दिसतात आणि ते हवंच असतं.

३. रीड-सॉलोमनसारखा दुरुस्ती-कोड लावा. २५५ पैकी २२३ बाइट माहितीचे असा नेहमीचा प्रकार घेतला, तर जागा माहीत असलेले ३२ बाइट गहाळ झाले तरी परत मिळतात. कुठलं पॅकेट हरवलं ते सीक्वेन्स क्रमांकावरून कळतंच. बाइट अदलून-बदलून वेगवेगळ्या पॅकेटांत पेरा, कारण पॅकेट हरवतात ती गटाने.

४. कुठल्या पॅकेटमधली कुठली सॅम्पल वापरायची ते सामायिक किल्ली आणि पॅकेट क्रमांक यांच्या एचमॅकवरून (किल्लीशिवाय काढता न येणाऱ्या हॅशवरून) ठरवा. ठरावीक जागा वापरल्यात तर दुसऱ्या कॉलपासून पॅटर्न दिसू लागतो.

५. ज्या पॅकेटची ऊर्जा (आवाजाची पातळी) ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे, त्यातच भरा. मात्र ऊर्जा मोजताना शेवटचा बिट सोडून मोजा. नाहीतर भरल्यावर ऊर्जा किंचित बदलते, सीमेवरचं पॅकेट पाठवणाऱ्याच्या हिशेबात येतं आणि घेणाऱ्याच्या हिशेबात येत नाही, आणि तिथून पुढचे सगळे बिट सरकतात.

६. भरायची वेळ: कोडेकनंतर, पॅकेट बांधण्याआधी. एको कॅन्सलर, नॉइज सप्रेशन आणि आपोआप आवाज कमी-जास्त करणारी यंत्रणा कोडेकच्या आधी चालते. त्यांच्या आधी भरलेलं काहीही वाचत नाही.

७. घेणाऱ्याने पॅकेट सॉकेटवरूनच वाचायचं, जिटर बफरच्या (पॅकेट क्षणभर साठवून ओळीने वाजवायला देणाऱ्या जागेच्या) आधी. बफर उशिरा आलेलं पॅकेट टाकून देतो, पण त्यातले लपवलेले बिट शाबूत असतात.

सॉफ्टफोनचा कोड बदलायचा नसेल तर लिनक्सवर एनएफक्यू (NFQUEUE) रांगेतून बाहेर जाणारं पॅकेट पकडून बदलता येतं. पेलोड बदलल्यावर यूडीपीचा चेकसम पुन्हा काढायला विसरलात, तर पलीकडे नुसती शांतता ऐकू येईल.

शांततेच्या पॅकेटमध्ये भरलं तर कुणाच्या कानाला कळेल? तिथेच का नको?

कानाला कळणार नाही, मोजणाऱ्याला लगेच कळेल. ए-लॉमध्ये मोठ्या आवाजाला मोठी पायरी आणि बारीक आवाजाला लहान पायरी असते. बोलणं चालू असताना शेवटचा बिट तसाही मायक्रोफोनच्या खरखरीत हेलकावत असतो. पण म्यूट दाबलं की डिजिटल शांतता येते आणि षोडशमानातली ‘डी५’ ही एकच किंमत एकसारखी वाहू लागते. त्यात मधूनच ‘डी४’ दिसली, तर पांढऱ्या धोतरावरच्या शाईसारखी उठून दिसते.

वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या मझुर्चिक, श्चिपियोर्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली स्काइपसाठी नेमकं शांततेतच लपवून दाखवलं होतं. ते जमलं कारण स्काइप शांततेतही एन्क्रिप्टेड पॅकेट पाठवत राहायचा, फक्त आकाराने लहान. त्यातला मजकूर बदलला तरी बाहेरून फरक दिसत नसे. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं.

हॅमिंग कोडिंगने नक्की काय वाचतं?

बदललेल्या सॅम्पलांची संख्या. सरळ पद्धतीत ४ बिट लपवायला सरासरी २ सॅम्पल बदलतात. हॅमिंग पद्धतीत १५ सॅम्पलांचा गट घेऊन त्यात ४ बिट बसवायचे. जास्तीत जास्त एकच सॅम्पल बदलावं लागतं, आणि सोळापैकी एकदा तर काहीच नाही. १६० सॅम्पलमध्ये असे १० गट म्हणजे ४० बिट, आणि बदललेली सॅम्पल साधारण ९. इमेजमध्ये लपवणारी मंडळी ही युक्ती २००१ पासून सर्रास वापरतात. व्हॉइसवाल्यांनी ती न वापरण्याला काही कारण नाही.

आणखी एक: बिट नुसता उलटवू नका, सॅम्पलची किंमत यदृच्छेने एकने वाढवा किंवा कमी करा. यात कधी वरचे बिटही बदलतात, म्हणून भरल्यावर पॅकेटची ऊर्जा पुन्हा मोजा; ती पाचव्या पायरीतल्या मर्यादेखाली गेली, तर दिशा उलटी करा. उलटवण्यात २ आणि ३, ४ आणि ५ अशा जोड्यांची संख्या सारखी होत जाते, आणि काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रीय चाचणी नेमकं तेच शोधते. एक वाढवण्या-कमी करण्याचं काम ए-लॉच्या मूळ कोडवर करायचं. तारेवर जाताना ए-लॉचे एकाआड एक बिट उलटे केलेले असतात. त्या उलट्या रूपात एक मिळवलात तर भलतीच उडी बसते आणि टक् असा आवाज येतो.

पॅकेट मुद्दाम उशिरा पाठवायची पद्धत काय आहे?

तिचं नाव लॅक (LACK), तीही वॉर्साच्याच गटाची, २००८ ची. पाठवणारा काही पॅकेट मुद्दाम रोखतो, त्यातला आवाज काढून संदेश भरतो आणि उशिरा सोडतो. साधा फोन ‘उशीर झाला’ म्हणून ते फेकतो. जाणकार फोन ते उघडतो. हजारात ५ पॅकेट वापरली तर चार सेकंदांना एक, म्हणजे १६० बाइट, सरासरी ३२० बिट प्रति सेकंद. यापेक्षा लोभ केला की आवाज तुटतो. मुळात लाइन खराब असेल तर तुमचं नुकसान आणि लाइनचं नुकसान यांची बेरीज होते, हे लोक विसरतात. आणि त्या पॅकेटमध्ये आवाज नाहीच, त्यामुळे उलगडून पाहणारा सर्व्हर असेल तर ही पद्धत नको.

त्याच गटाची ट्रान्सस्टेग उलट वाटेने जाते. बाहेरून ६४ किलोबिटचा जी.७११ असल्याचं सांगायचं, आत ३२ किलोबिटचा जी.७२६ भरायचा, उरलेले ३२ किलोबिट आपले. जागा भरपूर मिळते. पण पेलोड जी.७११ समजून वाजवला की नुसता खरखराट ऐकू येतो, तेव्हा मधल्या कुणाला पेलोड दिसत नसेल तरच ही कामाची.

ओपस कोडेकमध्ये शेवटचा बिट वापरता येईल?

नाही. वेबआरटीसीमध्ये (ब्राउझरमधल्या कॉलच्या मानकात) ओपस सक्तीचा आहे, म्हणून हा प्रश्न फार येतो. ओपसचा प्रवाह रेंज कोडरने आवळलेला असतो. मधला एक बिट बदलला की त्यापुढचं सगळं चुकीचं उलगडतं. आणि आवाजाच्या सॅम्पलमध्ये आधीच लपवलेला बिट आवळताना नाहीसा होतो.

पॅडिंगची जागा ओपसमध्येही आहे, आणि उलगडणारा त्याकडे बघतही नाही. पण मानक लिहिणाऱ्यांना हे आधीच सुचलं होतं. ओपसचा मानक-दस्तऐवज आरएफसी ६७१६ म्हणतो की पॅडिंगचे बाइट शून्यच असले पाहिजेत, आणि कारण म्हणून गुप्त वाटेचाच उल्लेख करतो. म्हणजे शून्याव्यतिरिक्त काही दिसलं की तोच पुरावा. कोडेकच्या आत, एन्कोडरच्या निवडींमध्ये लपवणं शक्य असतं. जी.७२३.१ आणि जी.७२९ साठी क्वांटायझेशनच्या कोडबुकमधून निवड बदलून चिनी संशोधकांनी बरंच काम केलं आहे. त्यासाठी एन्कोडर स्वतः लिहावा लागतो. सुरुवात तिथून करू नका.

कॉल समोरच्या मोबाइल नंबरवर गेला तर संदेश पोहोचेल?

पोहोचणार नाही. गेटवेवर जी.७११ उलगडून मोबाइलच्या एएमआरसारख्या कोडेकमध्ये बांधला जातो. तो मानवी घशाच्या नमुन्यावर चालतो आणि शेवटच्या बिटाशी त्याला काही देणं-घेणं नसतं. मोबाइल कोडेकमधून माहिती नेता येतच नाही असं नाही. युरोपातल्या मोटारींमधली ई-कॉल यंत्रणा अपघातानंतर १४० बाइटची माहिती व्हॉइस चॅनलमधूनच पाठवते. पण ती मोडेमसारखी चिरचिरत जाते, लपत नाही.

व्हॉट्सॲप किंवा सिग्नल कॉलमध्ये करता येईल का?

ॲपच्या बाहेरून नाही. पॅकेटवर पडताळणीचा टॅग असतो (एसआरटीपी म्हणजे एन्क्रिप्टेड आरटीपीत सहसा ८० बिटांचा), एक बिट हलला की पॅकेट टाकलं जातं. आतून करायचं तर ॲपचा कोड बदलून दोन्ही फोनवर तो चालवावा लागेल. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेही आहेच: तिथे लपवायचं कुणापासून?

एन्क्रिप्टेड कॉलमधून काहीच फुटत नाही, असं समजायचं?

पॅकेटची लांबी फुटते. कोडेक बदलत्या बिटरेटचा असेल तर वेगवेगळ्या ध्वनींना वेगवेगळ्या लांबीची पॅकेट पडतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली एन्क्रिप्टेड कॉलच्या नुसत्या लांबीवरून २१ भाषांपैकी कुठली बोलली जाते याचा अंदाज बांधून दाखवला. त्यानंतर २०१२ मध्ये आरएफसी ६५६२ ने अशा कॉलसाठी सावधगिरीच्या सूचना दिल्या. लपवणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की पॅकेटची लांबी बदलणारी कुठलीही पद्धत एन्क्रिप्शनच्या पडद्यामागूनही दिसते.

नेटवर्क सांभाळणाऱ्याने हे पकडायचं कसं आणि थांबवायचं कसं?

आधी फुकटातल्या गोष्टी पाहा. वायरशार्कच्या टेलिफोनी मेनूतली आरटीपी स्ट्रीम्सची यादी उघडा. एका बाजूचीच पॅकेट उशिरा येत असतील, उशीर नेहमी ठरावीक असेल आणि बाकी लाइन स्वच्छ असेल, तर लॅकची शंका घ्या. पॅडिंग बिट, एक्स्टेन्शन बिट, ओपस पॅडिंगमधले शून्याव्यतिरिक्तचे बाइट हे सगळं पाहायला छोटी स्क्रिप्ट पुरते.

पेलोडमधलं पकडणं कठीण. त्यासाठी आपल्याच फोनांच्या स्वच्छ कॉलचा नमुना हवा. काही फोन आतून दुसऱ्या कोडेकमधून आलेला आवाज जी.७११ मध्ये बांधतात आणि त्यांच्या शेवटच्या बिटांची वाटणी मुळातच विचित्र असते. नमुना न घेता चाचणी लावली की निर्दोष फोनच अडकतात. २०१८ पासून न्यूरल नेटवर्कवर चालणारे शोधक आले आहेत. ते ज्या लपवण्याच्या पद्धतीवर शिकवले जातात तीच चांगली ओळखतात.

थांबवणं मात्र पकडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. बॉर्डर कंट्रोलरवर हेडर नव्याने लिहा आणि जी.७११ च्या शेवटच्या बिटात यादृच्छिक बिट टाका. बोलणाऱ्यांना फरक जाणवत नाही, लपवलेलं सगळं जातं. कॉल टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड असेल तर मात्र हे करता येत नाही.

भारतात हे कायदेशीर आहे का?

स्वतःच्या नेटवर्कवर शिकण्यासाठी, संशोधनासाठी प्रयोग करणं वेगळं. दुसऱ्याच्या कॉलची पॅकेट पकडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ खाली सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यावर माहिती उलगडायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीच्या फोनवर प्रयोग करायचा असेल तर लेखी परवानगी घ्या.

सगळं बरोबर केलं, तरी संदेश अर्धाच येतो. कुठे पाहू?

बरोबर २१ मिनिटं ५० सेकंदांच्या सुमारास तुटत असेल, तर सीक्वेन्स क्रमांक पाहा. तो १६ बिटांचा आहे, ६५,५३६ पॅकेटांनी पुन्हा शून्यावर येतो. आणि तो शून्यापासून सुरू होत नसल्यामुळे कॉलच्या सुरुवातीपासून मोजलं तर तुटण्याची वेळ त्याआधीही येते. किती फेऱ्या झाल्या याचा वेगळा मोजणीदार दोन्ही टोकांना ठेवा.

पहिल्या पॅकेटपासूनच कचरा येत असेल, तर मध्ये ॲस्टरिस्क किंवा बॉर्डर कंट्रोलर क्रमांक बदलतोय. दोन्ही टोकांना पॅकेट पकडून पहिले दहा क्रमांक शेजारी ठेवा. ते जुळत नसतील तर क्रमांकावर विसंबू नका. भरलेल्या बिटांतच ३२ बिटांची सुरुवातीची खूण ठेवा, आणि जागा ठरवायला पॅकेटचा क्रमांक न घेता त्या खुणेपासूनची मोजणी घ्या.

क्रमांक जुळतात पण पेलोड वेगळा असेल, तर कुठेतरी ए-लॉचा म्यू-लॉ (जी.७११ चा दुसरा प्रकार) होतोय. उत्तर अमेरिकेतल्या सर्व्हरमधून कॉल फिरत असेल तर हे हमखास घडतं. तिथे कॉलचा मार्ग बदला, तुमच्या कोडमध्ये काही चुकलेलं नाही.

कधी नीट येतो, कधी नाही, असं असेल तर पाचव्या पायरीतली ऊर्जेची मर्यादा तपासा. दहापैकी आठ वेळा गडबड तिथेच असते.